उंदराचे डोळे काढल्याबद्दल

दांडिया बाजार, वडोदरा
१९ जानेवारी

प्रिय कुसुम,
सप्रेम नमस्कार.

तुझे पार्सल दिवाळीनंतर लगेच पोहोचले आणि त्याची पोच मी आज देते आहे, यावरून काहीतरी बिनसले असणार हे तू ओळखले असशीलच. फोनवर तू विचारलेस तेव्हा मी बोलणे उंधियूकडे वळवले, कारण खरे सांगायला तोंड नव्हते. आमच्या दिवाण बोक्यासाठी तू विणलेला राखाडी उंदीर फार देखणा आहे, तुझ्या हाताची सफाई अजून तशीच आहे. मात्र तो दिवाणपुढे टाकण्याआधी मी त्याचे मण्यांचे दोन्ही डोळे उसवले, लोकरीची शेपूट मुळापासून कापली आणि गळ्यातला घुंगरू काढून डब्यात ठेवला. आता त्याला उंदीर म्हणायला पाहणाऱ्याच्या मनात थोडी श्रद्धा असावी लागते. तू रागावशील हे धरूनच चालले आहे, पण या वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, जे घडले ते वाचून मग राग.

उत्तरायणाचे तुला काय सांगायचे! गेंडीगेटची गर्दी, गच्चीवरचे भोंगे, चिक्कीने दुखावलेली दाढ, सगळे होते तसेच आहे. पंधरा तारखेला संध्याकाळी पतंग उतरले, की तुळशीच्या कुंडीवर, वायरींवर, समोरच्या लिंबाच्या फांद्यांवर तुटलेला मांजा लोंबत राहतो. आमची गच्ची मंदारने झाडून घेतली होती, पण मांजरांना शेजारच्या गच्च्यांची हद्द मान्य नसते. दिवेलागणीला दिवाण जिना उतरून आला, तो ओठाच्या कोपऱ्यातून बोटभर गुलाबी दोरा लोंबवत. मला त्या क्षणी ठकी दिसली, तुमच्या ओसरीवरची मांजर. नानांनी चांगल्या हेतूने तिचा असाच लोंबणारा दोरा ओढला होता, त्यापुढचे तुला मी सांगायला नको. मंदारचा हात दोऱ्याकडे गेला, तो मी इतक्या जोरात झटकला की सूनबाई अजून माझ्याकडे जरा जपूनच बघते.

तसेच त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी त्याला टॉवेलात गुंडाळले, तोंड उघडले आणि हनुवटीखालच्या मऊ भागात अंगठ्याने असे दाबले की जीभ आपोआप वर उचलली गेली. ते जिभेच्या मुळाशी दोऱ्याचा वेढा बसला आहे का, ते बघत होते. वेढा नव्हता. तुकडा आखूड होता आणि दाढेत अडकला होता, म्हणून तो त्यांनी चिमट्याने काढला. उलट्या होतात का, खाणे सोडतो का, एवढे पाहायला सांगितले. दिवाण जेवतो आहे, पलंगावर पाय ताणून झोपतो आहे, आणि ज्यांच्यावर सही करायला नको अशा सर्व कागदांवर नखांनी सही करतो आहे. नाव ठेवताना आम्ही फार विचार केला नव्हता, पण ते त्याला शोभते. मांजाने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी या दिवसांत सरकारचे करुणा अभियान असते, मांजरांनी मात्र आपली सोय आपण पाहायची.

दोरा का ओढायचा नाही, हे ठकीच्या वेळी आपल्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे जिभेवर आलेला धागा त्याला थुंकून टाकता येत नाही, इच्छा असो वा नसो तो आतच सरकतो. त्याचे एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकले आणि उरलेला धागा आतड्यात पुढे गेला, तर आतडे त्याला ढकलत राहते आणि परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापड गोळा व्हावे तसे स्वतःच त्या धाग्यावर चुणत जाते. ताणलेला धागा मग आतड्याची भिंत कापतो. अशा वेळी बाहेरचे टोक ओढणे म्हणजे ती नाडी आणखी आवळणे होय. पाठीमागून लोंबणाऱ्या दोऱ्यालाही हाच नियम. पुष्कळदा साधा धागा एक्स-रेत दिसतही नाही, आणि उपाय बहुधा शस्त्रक्रियेचाच असतो. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली खरी, पण मांजराच्या पोटात सुती दोराही तेच करतो, आणि त्यावर काचेची भुकटी असेल तर विचारायलाच नको.

आता सांग, मी शेपूट कापली ती चूक का? तुमच्या घरातल्या त्या कॅलेंडरवर मांजराचे पिल्लू लोकरीच्या गुंड्याशी खेळत असे आणि त्यावरून तुझेमाझे कितीदा वाजले, ते आठव. ‘मांजराला लोकरच लागते’ हे तुझे म्हणणे अर्धे बरोबर होते. त्याला ती लागतेच, कारण वळवळत पळणारी बारीक वस्तू पाहिली की त्याचा पंजा थांबत नाही. पण त्याला आवडते म्हणून ते द्यावे, या न्यायाने तू मला कधी जिलबी दिली नाहीस.

दोऱ्यांचा विचार डोक्यात शिरल्यापासून मला घरात दुसरे काही दिसेनासे झाले आहे. गजऱ्याचा दोरा, देवाच्या हाराचा दोरा, मनगटावरून सुटलेला लाल नाडा, राखीचा गोंडा, पुडक्यांची रबरे, नातीच्या केसांची रबरे, शिवणाच्या डब्यातली सुईसकटची रिळे. निर्माल्याला मी आता झाकणाचा डबा केला आहे. सूनबाई म्हणते, ‘आई, तुम्ही घराचा तुरुंग केलात.’ तिचेही खरे आहे, कारण मांजराला खेळायला काहीच दिले नाही तर ते पडद्यांशी खेळते, आणि पडदे तिचे आहेत.

म्हणून अलकापुरीतल्या एका दुकानात गेले. तिथली निम्मी खेळणी मांजर विकत घेणाऱ्या माणसासाठी केलेली आहेत. गोंदाने चिकटवलेले डोळे, चिकटवलेली पिसे, चकाकणाऱ्या झिरमिळ्या, इवल्याशा घुंगरांचे चेंडू. मी एका पिसाला नुसते ओढून पाहिले, ते माझ्या हातात आले आणि दुकानदाराचा चेहरा पडला. माझी परीक्षा साधी आहे: जे माझ्या दोन बोटांनी सुटते ते त्याच्या दातांनी सुटणारच, आणि जे त्याच्या तोंडात सबंध मावते ते पोटातही जाऊ शकते. बटणासारख्या चपट्या सेलवर चालणारी खेळणी मी हातातही घेतली नाहीत. तो सेल गिळला गेला तर अन्ननलिका काही तासांत आतून भाजते, म्हणून त्याच्या झाकणाला निदान स्क्रू तरी हवा.

पण खरी अडचण पुढेच आहे, आणि तिने माझी झोप उडवली आहे. जॉन ब्रॅडशॉ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये असे दाखवले की, तेच खेळणे पुन्हा पुन्हा दिल्यावर मांजर त्याला कंटाळते, मात्र लगेच निराळ्या रूपाचे दुसरे खेळणे दिले तर ते पहिल्याहूनही जोरात तुटून पडते. म्हणजे त्याचा कंटाळा शिकारीचा नसतो, न फाटणाऱ्या आणि न बदलणाऱ्या सावजाचा असतो. सावज म्हटले की ते मोडायला हवे. मग तू सांग, जे मोडते तेच मांजराला आवडते आणि जे मोडते तेच मला नको, यात मी काय करावे? मजबूत खेळणी आणली तर दिवाण त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही, आणि त्याला रमवणारी खेळणी दिली तर मी समोरून उठू शकत नाही.

सध्या अशी तोड काढली आहे. फाडायला त्याला किराण्याचा खाकी कागद चुरगळून देते आणि पुठ्ठ्याचा खोका देते, त्याच्या पिना आणि चिकटपट्टी काढून. पिशवी दिलीच तर कागदी आणि बंद कापलेली, कारण बंदात मान अडकते. पिंगपाँगचा चेंडू आहे, जुन्या मोज्यात मोजा कोंबून केलेला गोळा आहे, तुझा अंध उंदीर आहे. यांतले एखादेच बाहेर असते, बाकीचे कपाटात, आणि दिवाण कंटाळला की अदलाबदल. काठीला कापडाची रुंद पट्टी शिवली आहे, ती खेळ संपला की कुलपात जाते. नात ती पट्टी थेट त्याच्या नाकावर आपटत असे आणि तो बिचारा मागे सरत असे. कोणता उंदीर मांजराच्या तोंडावर चालून येतो? आता ती पट्टी भिंतीच्या कडेने दूर सरपटत नेते, दारामागे अर्धी लपवते, आणि मग दिवाणचे ढुंगण जे हलू लागते ते पाहायला तू इथे हवी होतीस. मंदारला मात्र उघड्या हाताने खेळवण्याची खोड आहे, त्याची मनगटे पाहशील तर खटला भरशील.

लेझरवरून घरात तह झाला आहे. तो लाल ठिपका कधीच पंजात येत नाही आणि काही मांजरांना त्याचा नाद लागून ती पुढे सावल्यांमागेही धावत सुटतात. म्हणून ठिपका डोळ्यांवर न्यायचा नाही, आणि शेवटी तो उंदरावर आणून विझवायचा, म्हणजे पकडायला काहीतरी मिळते. पहाटे आणि दिवेलागणीला दहापंधरा मिनिटे खेळ, मग लगेच जेवण, हा क्रम त्याला मानवला आहे. मुंबईहून धाकटीने कॅटनिपची, म्हणजे मांजरांना भुलवणाऱ्या एका वनस्पतीची, पुरचुंडी पाठवली होती. त्यातल्या नेपेटालॅक्टोन या द्रव्याने बरीच मांजरे लोळू लागतात, पण ती ओढ आनुवंशिक असते आणि सगळ्यांना नसते. दिवाणने पुरचुंडी हुंगली आणि तिच्यावर डोके ठेवून झोपला.

माझे गुडघे आहेत तसे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तुझ्या मोतीबिंदूची तारीख ठरली का? सानिकाला नोकरी लागल्याचे माईकडून कळले, फार आनंद झाला, सविस्तर तिच्याच पत्राला लिहीन. भाऊजींना नमस्कार.

उंदीर पुन्हा विणणार असशील तर डोळे लोकरीने भरून काढ, गाठी आत घे, शेपूट लावायचीच तर आखूड, जाड आणि अंगाला जोडूनच विण. आणि एकाच रंगाचे नकोत, तीन-चार वेगवेगळे कर. पाठवताना मोठ्या खोक्यात घाल, कारण आत काय आहे याची दिवाणला फारशी फिकीर नाही. सुतळी मात्र बांधू नकोस.

तुझी,
शालू