माहेनो

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, फोटो बघून तुम्ही विचारलंत, "हे जहाज कुठल्या लढाईत बुडालं?" फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते. ते बुडालेलंच नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडजवळच्या गारी बेटावर (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) वाळूत रुतून बसलंय. बेट सगळं वाळूचंच. किनारा हाच रस्ता, त्यावरून फोर व्हील ड्राइव्ह गाड्या धावतात. पुढे लांबून एक तांबडा ठिपका दिसतो, तीच 'माहेनो'.

१९०५ साली स्कॉटलंडमधल्या डंबार्टनला बांधलेलं हे प्रवासी जहाज न्यूझीलंड-ऑस्ट्रेलिया फेऱ्या करायचं. पहिल्या महायुद्धात त्याचं रुग्णालय झालं. ऑगस्ट १९१५मध्ये ते तुर्कस्तानात, जिथे लढाई चालू होती त्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यापाशी उभं राहिलं आणि होड्यांमधून येणारे जखमी सैनिक पोटात घेऊ लागलं. आई, त्या जहाजावर नर्सही होत्या. मला सगळ्यात जास्त त्यांचाच विचार येत होता.

१९३५मध्ये ते जपानला भंगारात विकलं गेलं. 'ऊना' नावाचं दुसरं जुनं जहाज त्याला सिडनीहून ओढत निघालं. निघण्याआधीच माहेनोचे पंखे (जहाज पुढे ढकलणारे प्रोपेलर) काढून घेतलेले! इतकी वर्षं हा समुद्र कापलेलं जहाज, आणि शेवटच्या प्रवासात त्याला स्वतःहून एक हातही पुढे सरकता येत नव्हतं. ७ जुलैला चक्रीवादळात दोर तुटला. पंखे असते तर कदाचित ते सावरलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. तीन दिवसांनी विमानातून शोधणाऱ्यांना ते किनाऱ्याला लागलेलं दिसलं. त्यावरची आठही माणसं सुखरूप होती, किनाऱ्यावर मुक्काम ठोकून.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. लढाईची खूण त्याच्यावर आहे, पण ती नंतरची. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन हवाई दलाने बॉम्बफेकीच्या सरावासाठी हेच जहाज निशाणा म्हणून वापरलं. ज्याने जखमी वाहून नेले त्याच्यावर बॉम्ब! हे वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं.

जवळून पाहिलं तर पत्रा राहिलेलाच नाही. गंजाचे पापुद्रे एकावर एक चढलेत, गोल खिडक्यांच्या जागी नुसती भोकं उरलीत. खालचा बराचसा भाग वाळूने गिळलाय. भरती येऊ लागली तशी आम्ही गाडीकडे वळलो. मागे लाटा एका बाजूने बरगड्यांत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडत होत्या.

तुमची लेक