लॅबमधल्या काकांना, तो एक तुकडा बाजूला ठेवल्याबद्दल

काका, थिसिस सबमिट झाला एकदाचा. आभाराच्या पानावर आधी एचओडी, मग गाईड, मग आईबाबा असं सगळं ठरलेलं असतं आणि त्यात तुम्हाला एक ओळ मिळालीये, पण मला ती एक ओळ अजिबात पुरलेली नाही म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

बाकीच्यांना थोडं सांगते. माझं काम जबड्यातल्या फायब्रो-ऑसियस लीजन्सवर आहे, म्हणजे हाडाच्या जागी तंतुमय टिश्यू वाढणारे आजार, फायब्रस डिस्प्लेझिया, ऑसिफाइंग फायब्रोमा वगैरे. यात हाड आणि तंतुमय टिश्यू एकमेकांत असे गुंतलेले असतात की कुठे काय संपलं ते कळत नाही आणि नेहमीच्या एच अँड ई स्टेनमध्ये (हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत) कोलॅजन गुलाबी, कोवळं हाड म्हणजे ऑस्टिऑइड तेही गुलाबी, पक्कं हाड पण गुलाबीच. त्यात हाड मायक्रोटोमवर, म्हणजे टिश्यूचे पातळ काप काढायच्या मशीनवर, कापता यावं म्हणून आधी ॲसिडमध्ये ठेवून त्यातलं कॅल्शियम काढून टाकतात, म्हणजे ज्याच्यावरून हाड ओळखायचं तेच गेलेलं असतं.

माझी पहिली सॅम्पल्स ज्या लॅबमध्ये गेली तिचं नाव घेत नाही. सगळंच्या सगळं टिश्यू कडक नायट्रिक ॲसिडमध्ये टाकलं आणि विसरले. ॲसिड जास्त झालं की पेशींची न्यूक्लियाय म्हणजे केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग घेतच नाहीत, स्लाइडवर नुसता फिका गुलाबी पसारा. विचारायला गेले तर म्हणे मॅडम तुमचं सॅम्पलच तसं आलं होतं, आणि वर पीजी लोकांना सगळं अर्जंट लागतं हेही ऐकवलं. अहो ते टिश्यू कोणाच्या तरी जबड्यातून काढलेलं होतं, परत कुठून आणायचं ते? हा राग माझा अजून गेलेला नाही.

आणि मग तुम्ही. मी नुसती बाटली हातात दिली होती. काहीच सांगितलं नव्हतं, कारण काय सांगायचं असतं हे तेव्हा मला कुणी शिकवलंच नव्हतं. तुम्ही टिश्यू बाहेर काढलं, बोटाने चाचपून बघितलं, एक छोटा तुकडा कापून वेगळ्या बाटलीत ताज्या बफर्ड फॉर्मलिनमध्ये ठेवला आणि पेन्सिलीने चिठ्ठीवर लिहिलंत, 'कॅल्शियमसाठी. ॲसिडला लावू नये.' बस. ना लेक्चर ना उपकाराची भाषा. पुढचं सगळं त्या चिठ्ठीवर उभं आहे काका.

कारण व्हॉन कोसा स्टेन, म्हणजे कॅल्शियम साठलेली जागा काळी करून दाखवणारा स्टेन, करायचा तर कॅल्शियम जागेवर असावंच लागतं. १९०१ पासूनची पद्धत आहे ही, सिल्व्हर नायट्रेट कॅल्शियमसोबतच्या फॉस्फेटला धरतं आणि उजेड मिळाला की काळं पडतं. ॲसिड न लावलेलं हाड कापताना ब्लेडची वाट लागते, सेक्शन फाटतात, ब्लेड वाया जाणार हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही म्हणालात ब्लेडचं बघू नंतर. खिडकीतल्या उन्हात जार ठेवून आपण बघत बसलो होतो. आणि मग मायक्रोस्कोपखाली ते काळेभोर ट्रॅबेक्युले म्हणजे हाडाच्या बारीक पट्ट्या, त्यांच्या कडेला ऑस्टिऑइडची लाल पट्टी आणि आजूबाजूचं सॉफ्ट टिश्यू वेगळं, स्वच्छ वेगळं! मला रडूच आलं होतं.

तुम्ही मात्र लगेच म्हणालात, काळं म्हणजे हाडच असं धरू नका, मेलेल्या टिश्यूत कॅल्शियम साठलं तरी काळंच दिसतं, आत पेशी बसलेल्या दिसतायत का ते बघा. मग ॲसिडवाल्या भागावर मॅसन ट्रायक्रोम हा तीन रंगांचा स्टेन लावून दाखवलात, कोवळं हाड निळं आणि जुनं पक्कं हाड लाल, आणि पोलराइज्ड लाइटखाली लॅमेलर म्हणजे थरांच्या हाडाचे पट्टे. इतकी वर्षं पुस्तकात वाचलेलं होतं हो हे सगळं, पण डोळ्यांना दिसलं ते तुमच्या टेबलावर.

मोठ्या पदावरची माणसं मला खूप भेटली, त्यातली काही खरंच चांगली आहेत. पण कुणी बघत नसताना, कुणी सांगितलेलं नसताना दुसऱ्याच्या कामाची एवढी काळजी घेणारं माणूस विरळाच. तुमचा पगार त्या तुकड्यामुळे वाढणार नव्हता, रिपोर्टवर तुमची सही पण नसते. तरी तुम्ही ठेवलात. लॅब अशाच लोकांवर चालतात आणि सत्कार होतो तेव्हा स्टेजवर भलतेच असतात, हे मला आता फार टोचतं.

आमच्या डिपार्टमेंटमध्ये मी आता ज्युनिअर्सना सॅम्पल घेतानाच दोन बाटल्या भरायला लावते, दुसरीवर तुमचंच वाक्य लिहायचं. पुढच्या महिन्यात येतेय तुमच्याकडे, अलिझरिन रेड या कॅल्शियमच्याच दुसऱ्या स्टेनचा पीएच माझ्याकडून नीट जमत नाहीये, तो तुमच्याजवळ बसूनच शिकायचाय. काकूंना नमस्कार सांगा.