पानगळीत पोरांना बाहेर काढ

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. दोन्ही पोरं घरात उच्छाद मांडतात आणि बाहेर नेऊन करायचं काय ते सुचत नाही, म्हणतोस. अरे, लहान पोरांसाठी शरदासारखा ऋतू नाही! ऊन भाजत नाही, थंडी अजून बोचत नाही आणि खेळणी झाडंच खाली टाकतात.

एकच पथ्य पाळ, बेत आखू नकोस. आपण ठरवतो टेकडीपर्यंत जायचं आणि आमची धाकटी पहिल्याच झाडाखाली बसकण मारते. बसू दे. तिची सहल तिथंच सुरू झालेली असते.

थोरली मला सारखी विचारायची, पानांना पिवळा रंग कोण देतं? कुणीच नाही, तो आधीपासून आतच असतो. दिवस लहान होऊ लागले की झाड नवं हरितद्रव्य बनवणं कमी करतं, जुनं मोडत जातं आणि हिरव्याखाली झाकलेला पिवळा उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. एवढं पाच वर्षांच्या पोराला सहज कळतं. मग पोरांना पान गळालेली एखादी फांदी जवळून दाखव. देठ सुटला तिथं छोटासा वण असतो, त्यात बारीक ठिपके. पानाला पाणी पोचवणाऱ्या नळ्यांच्या त्या खुणा. आमच्या पोरींना त्यात माकडाचं तोंड दिसतं! आणि वणाच्या अगदी वरच पुढच्या पानाची कळी बहुधा तयार बसलेली असते.

घरी आल्यावर ठसे काढा. पान उलटं ठेवायचं, शिरा वर. त्यावर पातळ कागद. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरायचा आणि हलक्या हाताने घासायचा. टोकाने घासलं तर कागद फाटतो. शीर न् शीर उमटत जाते तेव्हा पोरांचे चेहरे बघ. पान जरा ओलसर, ताजं हवं, वाळलेलं चुरा होतं. डिंक, चमकी, कात्री असला सरंजाम मी काढतच नाही. त्यात शेवटी चिकटवतात आईबापच.

पानांच्या ढिगात उड्या मारायच्या असतील तर आधी काठीने ढीग उलथून बघ. काटे, काचा, किडे, काहीही असतं. कुत्र्याची घाणसुद्धा, ते आम्हाला चपलेवरून कळलं. तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती बिया सोडून नजर हलवू नकोस, घशात अडकतात. अळंबी बघायची, तोडायची नाही.

आणि एक फायदा कुणी सांगत नाही. २२-२३ सप्टेंबरनंतर आपल्या उत्तर गोलार्धात रात्र हळूहळू मोठी होत जाते, म्हणजे पोरं झोपायच्या आधीच अंधार पडतो. उन्हाळ्यात चांदण्या दाखवायला त्यांना जागवावं लागतं, आता जेवण झालं की गच्चीवर गेलं, काम झालं. चंद्र रोज उशिरा का उगवतो, हे थोरलीने आपणहून विचारलं. टॉर्च आणि चेंडू घेऊन समजावताना माझीच तारांबळ उडाली, तो किस्सा भेटीत.

रविवारी निघताना जुना झोळा घे. त्यात दगडच जास्त येतील, तयारी ठेव. वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझा,
अविनाश