सहा इंची फळी जिन्याला पुरत नाही

महोदय,

नवरात्र सरली की बडोद्यात रंगकामाबरोबर जुन्या जिन्यांच्या कडेला स्कर्टिंग (पायऱ्यांलगत भिंतीला लागणारी फळी) लावण्याची घाई सुरू होते. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या घरांत भिंतीलगतचा गिलावा पाय लागून लागून उडालेला असतो, तेव्हा फळी हवीच. काम बिघडते ते मात्र फळी विकत घेतानाच.

पायरी ७ इंच उंच आणि १० इंच रुंद धरू. (नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहत्या घरासाठी उंची जास्तीत जास्त १९० मिमी, रुंदी किमान २५० मिमी आहे.) उतारावर दर पायरीला सुमारे १२.२ इंच लांबी लागते. पायऱ्यांच्या कडांवर फळी टेकवली, तर तिच्यापासून आतला कोपरा काटकोनात पावणेसहा इंच खोल भरतो. नोझिंग (पायरीची पुढे आलेली कड) इंचभर असेल तर सव्वासहा. फळीत पायऱ्यांच्या आकाराच्या खाचा तेवढ्या खोल कापाव्या लागतात. म्हणजे ६ इंची फळी खाचांतच संपली! वर साडेतीन इंच दिसायला हवे असेल तर १० इंचीच घ्यावी. ८ बाय ४ फुटी प्लायमधून अशा चार पट्ट्या निघतात. एका पट्टीत सात पायऱ्या बसतात, त्यामुळे १४ पायऱ्यांच्या जिन्याला दोन्ही बाजूंना मिळून एक शीट पुरते.

जुन्या जिन्यात दोन पायऱ्या सारख्या नसतात. एका पायरीचा साचा करून तोच पुढे सरकवणारा मिस्त्री पाचव्या पायरीशी अडतो, आणि फट लांबीने (पुट्टीने) भरून मोकळा होतो. फळी कडांवर टेकवून भिंतीला दोन खिळ्यांनी तात्पुरती अडकवावी. सर्वांत खोल कोपऱ्यातून फळीच्या खालच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून नेमका तेवढ्या उंचीचा लाकडी ठोकळा कापावा. ठोकळा प्रत्येक पायरीवर सरकवत त्याच्या माथ्यालगत पेन्सिल फिरवली की आडव्या रेघा मिळतात. उभ्या रेघा रायझरला, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजूला, लेव्हल पट्टी टेकवून वर न्याव्यात. कापल्यावर फळी सरळ खाली येणार असल्याने उभ्या रेघा जागच्या हलत नाहीत. सारी युक्ती एवढीच. नोझिंगची गोलाई पुठ्ठ्यावर उतरवून घ्यावी, जिगसॉने रेघेच्या किंचित बाहेरून कापावे आणि उरलेले कानसीने घासत बसवावे.

ओलीकडे कोणी बघत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शिरलेल्या घरांत तर भिंत तपासल्याशिवाय लाकूडकाम करूच नये. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर रात्रभर ठेवावा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर फळी थांबवावी, मग दिवाळी का असेना. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) अशा भिंतीवर फुगतेच. आयएस ७१० चा, म्हणजे मरीन दर्जाचा, १८ मिमी प्लाय घ्यावा. कापलेल्या कडांना आणि पाठीलाही प्रायमर मारावा. पाठ कोरी राहिली की तिकडूनच ओल शिरते आणि फळीला बाक येतो. वाळवीचे (आपले इथले सुतार तिला ‘उधई’ म्हणतात) माग भिंतीवर असतील तर आधी तिचा बंदोबस्त करावा.

जुना चुन्याचा गिलावा भुसभुशीत असतो. दीड इंची स्क्रू त्यातच अडकून राहतो आणि महिनाभरात हलायला लागतो. १८ मिमी फळी आणि साधारण २० मिमी गिलावा ओलांडून विटेत इंचभर जायला अडीच इंची स्क्रू आणि गुट्टी (भोकात बसवायचा प्लग) लागते. स्क्रू दर १६ इंचांवर, नोझिंगच्या वरच्या पट्ट्यात घ्यावेत. करकरणाऱ्या पायऱ्या त्याआधीच पाचरी ठोकून घट्ट कराव्यात.

फळी पायरीला मात्र खिळ्याने जोडू नये, फेविकॉलही लावू नये. पाय पडला की लाकडी पायरी किंचित दबते आणि सांध्यातली लांबी तडकते. तिथे १-२ मिमी फट सोडून अॅक्रिलिक सीलंट भरावे. सिलिकॉन नको, त्यावर रंग धरत नाही.

– एक वाचक, बडोदा