मोकळी पिन म्हणजे शून्य नव्हे

मा. संपादक, स. न.

आपल्या विज्ञान पुरवणीत ४०१७ आयसीवरचा बटण दाबून मोजणारा काउंटर छापला, याचा फार आनंद झाला. मी कित्येक वर्षे मुलांना डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स शिकवले. मात्र त्या आकृतीत एक रेझिस्टर राहून गेला आहे आणि मुले ती आकृती जशीच्या तशी जोडतील, म्हणून हे पत्र.

बटण १४ नंबरच्या क्लॉक पिनेला सप्लाय देते. बटण सोडले की ती पिन कशालाच जोडलेली राहत नाही. ४०१७ ही सीमॉस कुळातली आयसी; अशा आयसीची इनपुट, म्हणजे सिग्नल आत घेणारी पिन, जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे मोकळी पिन हवेतला विद्युत गोंगाट पकडते. माझ्या एका विद्यार्थिनीचा काउंटर नुसता हात जवळ नेला तरी पुढे सरकायचा. बिचारीने तीन आयसी बदलले. अखेर १४ नंबरपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि तो शांत झाला. १३ (मोजणी रोखणारी) आणि १५ (रीसेट) या पिनाही सरळ ग्राउंडला जोडायला हव्यात. (एका दाबात दोन-तीन अंक पुढे जाणे हा बटणाच्या बाउन्सचा, म्हणजे दाबताना संपर्क थरथरण्याचा प्रकार, तो निराळा.)

हाच १० किलोओहम ७४एलएस या दुसऱ्या (टीटीएल) कुळातल्या आयसीच्या इनपुटवर ग्राउंडकडे लावला तर मात्र चालत नाही, आणि इथे जाणतेही फसतात. ती इनपुट खाली धरताना तिच्यातून ०.४ मिलीअँपिअरपर्यंत करंट बाहेर येतो. एवढा करंट १ किलोओहममधून गेला तर ०.४ व्होल्ट होतात, ते 'खाली', म्हणजे शून्य मानण्याच्या ०.८ व्होल्टच्या मर्यादेत बसतात. १० किलोओहमवर पिन त्या मर्यादेच्या वरच लटकते. म्हणून तिथे रेझिस्टर सप्लायकडे, म्हणजे पुल-अप, आणि बटण ग्राउंडकडे.

एकाच कुळातल्या दोन आयसींमध्ये आउटपुट थेट इनपुटला जोडावी, रेझिस्टर लागत नाही. पण ७४एलएसची आउटपुट ७४एचसी या सीमॉस कुळातल्या आयसीला द्यायची असेल तर थांबा. पहिली 'वर' (म्हणजे एक) असताना किमान २.७ व्होल्टचीच हमी देते, दुसरीला ५ व्होल्टच्या सप्लायवर ३.५ हवे असतात. टेबलावर चालून जाते, नंतर केव्हातरी रुसते. पुल-अप लावा किंवा ७४एचसीटी वापरा, तिला २ व्होल्ट पुरतात. ७४०६ किंवा एलएम३३९ यांसारख्या (ओपन-कलेक्टर) आयसींची आउटपुट तर फक्त खाली ओढते, वर नेण्याचे काम पुल-अपचेच.

सुधारित आकृती पुढच्याच पुरवणीत, मूळ आकृतीइतक्याच मोठ्या आकारात छापावी, ही कळकळीची विनंती. मुलांनी आयसी फेकून देण्याआधी ती त्यांच्या हाती पडावी.

— एक निवृत्त शिक्षक