पातळ एनॅमल आणि पांढरे दात

प्रिय सुहास,

तुझं पत्र वाचलं. दात पिवळे दिसतात, गार पाण्याने कळ जाते आणि पुढच्या दातांच्या कडा आरपार दिसतात, असं लिहिलंयस, आणि दात पांढरे कसे करायचे ते विचारलंयस. म्हणजे एनॅमल, दातावरचं कडक आवरण, झिजलंय. पिवळेपणा त्याखालच्या डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या पिवळसर थराचा. वरचा थर पातळ झाला की तो जास्त दिसतो. तो डाग नव्हे, त्यामुळे घासून जायचा नाही. घासशील तितका वाढेल. कोळशाची पावडर आणि लिंबू-मीठ आजपासून बंद, कितीही नैसर्गिक म्हणवत असले तरी! गेलेलं एनॅमल परत उगवत नाही.

आधी झीज थांबव. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साधारण 5.5 च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा असतो 2 च्या आसपास. आंबट किंवा सोडा प्यायल्यावर पाण्याने चूळ भर, पण ब्रश तासाभराने. ब्रश मऊ, हात हलका. घशाशी आंबट येत असेल किंवा झोपेत दात खात असशील, तर त्याचा इलाज आधी. नाहीतर पुढचं सगळं वाया.

ब्लीच करायचंच, तर 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल घे. त्यातून जेमतेम साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, दात उजळवतं ते हेच. दवाखान्यातली 35-40 टक्क्यांची झटपट बैठक तुझ्यासाठी नाही. पेरॉक्साइड दातातून आतल्या नसेपर्यंत पोचतं, आणि तुझ्याकडे अडवणारा थर कमी. म्हणून उघडी पडलेली मुळं, भेगा आणि किडलेली भोकं आधी बुजवून घे.

कळ कमी व्हावी म्हणून दोन आठवडे आधीपासून 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची फ्लोराइडवाली पेस्ट वापर. थुंकून टाक, चूळ भरू नकोस. जेल भरून दातांवर बसवायचा ट्रे दातांच्या मापाचाच हवा. प्रत्येक दातासाठी तांदळाच्या दाण्याएवढं जेल, ट्रेच्या पुढच्या भिंतीला. ट्रे बसवल्यावर हिरडीवर आलेलं लगेच पुसून काढ. हिरडी पांढरी पडून चुरचुरली तर जेल जास्त झालंय. एकाआड एक दिवस, सुरुवातीला दोनच तास. कळ आली तर दोन-तीन दिवस सुट्टी.

आता कडांचं. तिथे मागे डेंटिनच नाही, तोंडातला अंधार दिसतो. बाकी दात उजळला की कड उलट जास्त करडी वाटते. ब्लीच कितीही वाढवलंस तरी ती पांढरी होणार नाही. तिथे कॉम्पोझिटच, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंग, लावावं लागतं. माझं मत विचारशील तर तुझं निम्मं काम त्यानेच होईल, शिवाय कड शाबूत राहील. मात्र ते ब्लीच संपल्यावर दोन आठवड्यांनी: दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्यात आडवा येतो, आणि रंगही तोवर स्थिरावतो. जुन्या फिलिंगचा, कॅपचा रंग ब्लीचने बदलत नाही. पुढच्या दातांत असतील तर ती नंतर बदलावी लागतील. त्याचा खर्च ट्रेचं माप देण्याआधीच विचारून घे.

तुझा,
अविनाश