एका सहीने गेली नाही गुलामगिरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला अब्राहम लिंकनवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, पण ‘लिंकनने एका सहीनिशी गुलामगिरी संपवली’ हे वाक्य खटकले. १ जानेवारी १८६३ चा त्याचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या बंडखोर मुलखापुरता होता. केंटकी, डेलावेअर ही गुलामगिरीची राज्ये बंडात सामील झाली नव्हती, त्यामुळे तिथल्या गुलामांना तो लागूच नव्हता. देशभर गुलामगिरी कायद्याने गेली ती डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. तोवर लिंकनच्या हत्येला जवळपास आठ महिने होत आले होते.

त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे लेखात जवळजवळ नाहीतच. गॅरिसनचे ‘लिबरेटर’ हे गुलामगिरीविरोधी साप्ताहिक नाही, मेरीलँडमधल्या गुलामीतून पळून आलेला आणि तिच्याविरुद्ध बोलणारा फ्रेडरिक डग्लस नाही. आणि बायका तर कुठेच नाहीत! त्यांना मताचा हक्क नव्हता, अर्ज करण्याचा तेवढा होता. दारोदार हिंडून, लोकांची बोलणी खाऊन त्यांनी गुलामगिरीविरोधी अर्जांवर सह्या जमवल्या. या अर्जांचा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, एवढा ताप झाला की १८३६ मध्ये प्रतिनिधिगृहाने ते चर्चेलाच घ्यायचे नाहीत असा ठराव केला. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स तेव्हा त्या सभागृहात साधे सदस्य होते. म्हातारा भांडत राहिला आणि १८४४ मध्ये ती बंदी उठवूनच थांबला.

पुढे ९ फेब्रुवारी १८६४ रोजी दोन कृष्णवर्णीय पुरुषांनी एक लाख सह्यांच्या जड गुंडाळ्या सिनेटमध्ये आणून गुलामगिरीविरोधी सिनेटर चार्ल्स समनर यांच्या टेबलावर ठेवल्या. मागणी होती गुलामगिरी समूळ नष्ट करण्याची, आणि सह्या जमवणारी संघटना होती स्त्री-हक्कांसाठी लढणाऱ्या एलिझाबेथ स्टँटन व सुझन अँथनी यांची.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले तेही लिंकनला नव्हे, युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांच्या जे ध्यानात आले, ते आपल्या लेखकाच्या नजरेतून सुटावे याचे नवल वाटते.

पुरवणीत जागा असल्यास अँजेलिना ग्रिमकेवर एखादा लेख जरूर द्यावा. साउथ कॅरोलिनातल्या गुलाममालकाची ही मुलगी. मे १८३८ मध्ये फिलाडेल्फियातल्या गुलामगिरीविरोधी सभेत ती बोलत असताना बाहेरून दगड येत होते, तरी तिने भाषण आवरते घेतले नाही. दुसऱ्या रात्री जमावाने ते सभागृहच जाळले. त्याचे उद्घाटन होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा